व्होर्टेक्स वायपर पीएसटी जेन २, ५-२५×५०: हजार यार्डांसाठी घ्या, डोंगरासाठी नको

अमेरिकेत पहिली सेंटर-फायर रायफल घेतली की दुकानाच्या काउंटरवर ठरलेली मागणी असते: नोव्हेंबरात हरणाला चालेल आणि उरलेलं वर्षभर हजार यार्डांवरच्या स्टीलच्या पाटीलाही चालेल, असा एकच स्कोप (रायफलवरची दुर्बीण) द्या. हजार डॉलरच्या आसपासचं बजेट सांगितलं की पुढे सरकणाऱ्या डब्यांत व्होर्टेक्स वायपर पीएसटी जेन २, ५-२५×५० (५ ते २५ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ५० मिमीची) असतोच असतो. पाटीसाठी या पैशात हा चोख माल आहे. हरणासाठी मात्र तो जड आहे, आणि त्याचं सर्वांत कमी मॅग्निफिकेशनही जंगलात जास्तच पडतं. का, ते नीट पाहू, कारण डब्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला २५ हा आकडा या निवडीत सर्वांत कमी कामाचा आहे.

लांब पल्ल्याच्या स्कोपमध्ये पैसे काचेचे कमी आणि टरेटचे (नेम वर-खाली सरकवणाऱ्या फिरत्या बटणाचे) जास्त मोजायचे असतात. ६.५ क्रीडमूर काडतुसाची १४० ग्रेनची गोळी, १०० यार्डांवर झिरो (तिथे नेम आणि गोळी एकाच जागी), वेग सेकंदाला २७०० फुटांच्या आसपास. ३०० यार्डांवर तिला सव्वा मिलच्या (मिल म्हणजे कोनाचं माप, अंतराचा हजारावा भाग) आसपास वर घ्यावं लागतं, हजारावर साडेआठ ते नऊ मिल. .३०८ विंचेस्टरची १७५ ग्रेनची गोळी हजारावर अकरा-बारा मिल मागते. या स्कोपमध्ये वर-खाली मिळून २० मिलची फिरकी आहे, म्हणजे मध्यावरून वर जायला १० मिल. सपाट बेसवर (रायफलवरच्या स्कोपच्या पट्टीवर) ६.५ चं जेमतेम भागतं, .३०८ चं भागत नाही. म्हणून २० एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) उतार असलेली पट्टी, म्हणजे रेल, बसवायची. तिच्यातून ५.८ मिल फुकट मिळतात, वर १५.८ उरतात, आणि १०० यार्डांचा झिरोही हातचा जात नाही. स्कोपवर हजार डॉलर घालून रेलवर पन्नास वाचवणारे नंतर ‘टरेट मध्येच संपला’ म्हणून तक्रार करतात. दोष स्कोपचा नसतो.

टरेट एका फेरीत १० मिल चढतो. हे सोयीचं आहे, कारण ६.५ वाल्यांना हजारापर्यंत दुसऱ्या फेरीत जावंच लागत नाही. .३०८ वाल्यांनी टरेटखालच्या रेघा मोजायची सवय लावून घ्यावी. एक फेरी चुकली म्हणजे १० मिल चुकले, आणि हजार यार्डांवर १० मिल म्हणजे ३० फूट. अशी गोळी पाटीच्या आसपासही दिसत नाही आणि बिचारा नेमबाज वाऱ्याला शिव्या देत बसतो.

रेटिकल, म्हणजे स्कोपमधल्या नेमाच्या रेघा (ईबीआर-७सी), आणि टरेट दोन्ही मिलमध्ये आहेत, आणि ही या स्कोपची खरी सुखाची बाजू. रेटिकलवर ०.२ मिलच्या रेघा आहेत, मध्ये सुटा ठिपका, खाली झाडासारखी पसरत गेलेली जाळी. गोळी मध्यापासून ०.६ खाली पडलेली दिसली की टरेट ०.६ वर. इंच मोजणं नाही, गुणाकार नाही. रेटिकल पहिल्या फोकल प्लेनमध्ये, म्हणजे चित्रासोबतच लहानमोठं होणारं, असल्यामुळे ८ वर बघा किंवा २२ वर, ०.६ हा ०.६ च राहतो. दुसऱ्या फोकल प्लेनच्या स्कोपमध्ये रेघांचं माप एकाच ठराविक मॅग्निफिकेशनवर खरं असतं. उन्हात मिराज (तापलेल्या हवेची थरथर) उसळला म्हणून तुम्ही २५ वरून १५ वर उतरलात की ते माप खोटं पडतं.

आणि उतरावं लागतंच. टेक्सासच्या उन्हाळ्यात सकाळी दहानंतर २५ वर पाटी तव्यावरच्या वाफेसारखी हलते, कडा कुठे आहे ते कळत नाही. १४ ते १८ च्या दरम्यान चित्र स्थिर होतं, आणि मिराज कुठल्या बाजूला वाहतोय ते बघून वाराही वाचता येतो. २५ चा उपयोग थंड सकाळी, कागदावरची भोकं बघायला. शिवाय २५ वर डोळ्यात येणारा उजेडाचा झोत फक्त २ मिमीचा उरतो (५० भागिले २५), त्यामुळे चित्र काळवंडतं आणि डोकं जरा हललं की कडेला सावली येते. त्या किमतीत तसं होणारच. काच या वर्गात चांगली आहे, पण दुप्पट किमतीच्या जपानी किंवा जर्मन काचेशी तुलना करून नाक मुरडू नये, आणि ‘तितकीच आहे’ असंही कुणी सांगितलं तर ऐकू नये.

स्कोप घरी आला की आधी बसवणी. बिघडतं ते बहुधा इथेच. रेलवर रिंग (स्कोप धरणारं कडं) ठेवली की नट आवळण्याआधी ती रायफलच्या नळीच्या दिशेने पुढे दाबून धरायची. गोळी सुटते तेव्हा रायफल मागे येते, स्कोप जागेवर राहायला बघतो, म्हणजे रायफलच्या मानाने पुढे सरकतो. रिंगेचा आडवा बोल्ट खाचेच्या पुढच्या कडेला आधीच टेकलेला असला तर सरकायला जागाच राहत नाही. रिंगेच्या टोपीचे स्क्रू १५ ते १८ इंच-पाउंड, त्यापुढे नाही, आणि तेही टॉर्क पान्याने. त्यांना थ्रेडलॉकर (स्क्रू पक्का करणारं चिकट द्रव्य) लावायचं नाही. ओलं असताना ते तेलासारखं काम करतं, पाना १८ दाखवतो आणि स्क्रू प्रत्यक्षात त्याहून घट्ट बसतो. जास्त आवळल्याचं लक्षण: मॅग्निफिकेशनचं कडं किंवा पॅरॅलॅक्सची (डोकं हललं तरी नेम सरकू नये म्हणून अंतर जुळवायची) फिरकी जड चालायला लागते. तेवढ्यावर सैल केलं तर वाचतं, नाहीतर स्कोपच्या ३० मिमीच्या नळीवर कायमचा वळ उठतो. टोपीच्या दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवा. एक स्क्रू पुरता आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर तो आवळताना सरळ केलेला स्कोप वळतो.

सरळ करायला ओळंबा घ्या. २५-३० यार्डांवर दोरीला वजन बांधून टांगा, रायफल लेव्हलवर ठेवा आणि रेटिकलची उभी रेघ दोरीवर बसवा. ‘डोळ्याने सरळ दिसतं’ याला काही अर्थ नाही. हजार यार्डांसाठी ८.७ मिल चढवलेले असताना रायफल ३ अंश कलली तर गोळी १६ इंच बाजूला जाते, आणि ३ अंश डोळ्याला कळत नाहीत. स्कोपच्या नळीवर बसणारी पाण्याच्या बुडबुड्याची छोटी लेव्हल पन्नासेक डॉलरला मिळते. लांब पल्ल्यासाठी ती चैन नाही.

डोळ्याचं अंतर २५ वर ठेवून आणि पोटावर झोपून ठरवा, कारण तिथे ते सर्वांत नाजूक असतं आणि झोपल्यावर मान पुढे येते. आय रिलीफ (हेच डोळ्याचं अंतर) ३.४ इंच आहे. ६.५ ला पुरतो. जास्त झटक्याच्या .३०० विंचेस्टर मॅग्नमवर, उताराला वर नेम धरताना, भुवईवर चंद्रकोर उमटवायलाही पुरतो. आयपीस फोकस करताना स्कोप आकाशाकडे धरा आणि एकेक सेकंद बघून डोळा काढा. टक लावून बघत राहिलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि खोटं उत्तर देतो. पॅरॅलॅक्सच्या फिरकीवरचे यार्डांचे आकडे फक्त अंदाजाला. डोकं किंचित हलवा. रेटिकल पाटीवर सरकलं तर पॅरॅलॅक्स शिल्लक आहे, चिकटून राहिलं तर झालं.

झिरो झाला, झिरो-स्टॉप (टरेटला शून्यावर अडवणारा अडसर) लावला, की पुन्हा तीन गोळ्या. टरेटचं कडं काढता-घालताना आतला खांब एखादा क्लिक हलू शकतो.

आता ती चाचणी, जिच्याशिवाय या किंवा कुठल्याही स्कोपवर हजार यार्डांसाठी विश्वास ठेवू नये. चार फूट उंच पुठ्ठा घ्या, ओळंब्याच्या दोरीला धरून मार्करने उभी रेघ मारा, तळाशी एक ठिपका काढा. टेपने मोजून नेमके १०० यार्ड घ्या. रेंजच्या पाटीवर विसंबू नका: ९८ यार्ड असले तर इथेच २ टक्के चूक, आणि रेंज मीटरची असली तर ९ टक्क्यांहून जास्त. ठिपक्यावर पाच गोळ्या मारा. टरेट १० मिल चढवा, नेम त्याच ठिपक्यावर, पुन्हा पाच. दोन्ही झुबक्यांच्या मध्यांमधलं अंतर ३६ इंच यायला हवं. ३५.३ आलं तर स्कोप २ टक्के कमी चढतो, आणि ते हजार यार्डांवर सहा इंचांहून जास्त पडतं. ही चूक दर वेळी तेवढीच येत असेल तर बॅलिस्टिक (गोळीचं गणित करणाऱ्या) ॲपमध्ये ०.९८ चा गुणक घाला, विषय संपला. वरचा झुबका रेघेपासून एक इंच बाजूला असेल तर रेटिकल दीड अंशाहून थोडं जास्त कललेलं आहे, रिंगा सैल करून ओळंब्याकडे परत जा. आणि टरेट शून्यावर आणून मारलेल्या शेवटच्या पाच गोळ्या पहिल्या झुबक्यात पडल्या नाहीत, तर आधी रेल आणि रिंगांचे स्क्रू तपासा. ते घट्ट असूनही तसंच होत असेल तर स्कोप परत पाठवा. त्याला ॲपमध्ये गुणक नसतो. या कंपनीची हमी आयुष्यभराची आहे, पावती लागत नाही आणि मालक बदलला तरी चालू राहते, त्यामुळे जुना घ्यायलाही हा धोक्याचा नाही.

आता हरीण. स्कोप ८८५ ग्रॅमचा, वर रिंगा आणि रेल. एक किलो रायफलच्या माथ्यावर, तोही उंचावर, कारण ५० मिमीच्या काचेभोवतीचं नळकांडं रायफलच्या नळीला लागू नये म्हणून उंच रिंगा घ्याव्या लागतात. मग गाल दस्त्यावर टेकत नाही, हवेत राहतो. बेंचवर हे चालून जातं. कोलोरॅडोत नऊ हजार फुटांवर एल्कच्या (थोराड हरणाच्या) मागे तीन दिवस चालताना तीच रायफल खांद्यावरून सारखी गडगडते. टरेट उघडा आहे, त्याला लॉक नाही; पिशवीला घासून पाच-सहा क्लिक फिरला की ३०० यार्डांवरची गोळी अर्ध्या फुटाच्या आसपास वर-खाली. चालत असाल तर दर थांब्याला शून्य बघायचं, दुसरा इलाज नाही.

दाट झाडीत हरीण २० यार्डांवर उठतं तेव्हा ५ पट हेच मुळात जास्त. १०० यार्डांवर २४ फूट दिसणारं क्षेत्र २० यार्डांवर पाच फुटांच्या आत येतं, आणि त्यात फक्त केस दिसतात, खांदा कुठला ते कळत नाही. त्यात पहिल्या फोकल प्लेनची रेघ ५ वर केसासारखी होते. बऱ्याच राज्यांत सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत गोळी मारायला परवानगी असते, आणि नेमकी त्याच उजेडात ही रेघ झाडांच्या सालीत हरवते. लाल दिवा लावावा लागतो. दिव्याच्या प्रत्येक पायरीच्या मध्ये ‘बंद’ आहे, ही योजना छान आहे, पण सेल (सीआर२०३२) खिशात जास्तीचा हवाच.

म्हणून ज्याचं वर्ष शिकारीभोवती फिरतं त्याने ल्युपोल्ड व्हीएक्स-३एचडी ४.५-१४×४० बघावा: अर्ध्या किलोच्या आत, टरेटला कुलूप, जाड ठसठशीत रेटिकल. त्याची रेघ दुसऱ्या फोकल प्लेनमध्ये आहे, पण चारशे यार्डांच्या आत ते कुठे आडवं येत नाही. दोन्हीसाठी खरोखर एकच घ्यायचा हट्ट असेल तर याच मालिकेतला ३-१५×४४ घ्या. वजन फार कमी होत नाही, पण खालचं टोक ३ वर येतं, आणि १५ पट हजार यार्डांवरच्या पाटीला पुरतात. मिराजमुळे तुम्ही तसेही तिथेच येऊन थांबणार असता.

पुण्या-कोल्हापुराकडून जे विचारतात त्यांच्यासाठी: भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकारीचा प्रश्न उरलेला नाही. ऑलिम्पिकच्या १० आणि ५० मीटर रायफल प्रकारांत दुर्बीण लावताच येत नाही. स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक घेतलं ते उघड्या डोळ्याने, भोकाच्या साइटमधून. घरच्या .१७७ एअर रायफलवर बसवायचा विचार असेल तर हा स्कोप घेऊ नका, याचा पॅरॅलॅक्स २५ यार्डांपासून सुरू होतो आणि १० मीटरवर चित्र धुरकट येतं. स्प्रिंगच्या एअर रायफलचा झटका आधी मागे आणि लगेच पुढे बसतो, तिला ‘एअरगन रेटेड’ लिहिलेला, १० यार्डांपर्यंत फोकस होणारा साधा स्कोप बरा. आणि अमेरिकेतून सुट्टीला येताना भाच्यासाठी बॅगेत टाकायचा बेत असेल तर थांबा: रायफल स्कोपला तिथले निर्यात नियम लागू होतात, साध्या दुर्बिणीसारखा तो सहज नेता येत नाही.