एल्मार, सुमार की सोनार? कोटिंग नसलेली जुनी पन्नास घ्यायची असेल तर

जर्मन लायका कॅमेऱ्यावर बसवायला कोटिंगच्या (काचेवरून उजेड परत फिरू नये म्हणून चढवतात त्या पातळ थराच्या) आधीच्या जमान्यातली लेन्स हवीय, कुठली घेऊ, हे मला इतक्या जणांनी विचारलंय की म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकावं. तीनच लेन्सबद्दल बोलतो, तिन्ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या आणि तिन्ही पन्नास एमएम फोकल लेंग्थच्या. लाइट्झची (लायका बनवणारे तेच) एल्मार एफ ३.५, लाइट्झचीच सुमार एफ २ आणि झाइसची सोनार एफ २. एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते आणि जास्त उजेड घेते. जर्मन उच्चार वेगळे आहेत हे माहितीय, पण आपल्याकडे सगळे सुमार आणि सोनारच म्हणतात आणि मला ते आवडतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. काच आणि हवा जिथे भेटतात त्या प्रत्येक ठिकाणी, कोटिंग नसेल तर, साधारण ४ ते ५ टक्के उजेड परत फिरतो. तो नुसता वाया गेला असता तरी चाललं असतं, पण तो लेन्सच्या आतच इकडून तिकडे उड्या मारत शेवटी फिल्मवर पसरतो आणि काळ्या भागावर राखाडी साय धरते. म्हणजे लेन्समध्ये काचा किती यापेक्षा हवेला लागलेल्या बाजू किती हे मोजायचं. एल्मारमध्ये ४ काचा, ३ गट, ६ बाजू. सोनारमध्ये ६ काचा पण चिकटवून गट ३च, म्हणून बाजू परत ६. सुमारमध्ये ६ काचा, ४ गट, ८ बाजू. सहा बाजूंतून अंदाजे ७७ टक्के उजेड पार होतो, आठांतून ७० च्या आसपास. म्हणजे सुमार एफ २ वर उघडलीत तरी फिल्मला उजेड मिळतो तो एफ २.४ इतकाच. फक्त दोन बाजूंचा फरक, पण खिडकीसमोर माणूस उभा करून फोटो काढलात की लगेच कळतो.

एल्मार माक्स बेरेकने काढली, १९२५ च्या पहिल्या लायकाच्या जोडीनेच हे घराणं सुरू झालं. आत ढकलली की कॅमेरा कोटाच्या खिशात जातो, आणि ३.५ ही काही फार मोठी उडी नसल्यामुळे कडेपर्यंत बऱ्यापैकी शार्प. रिस्टोर करायलाही तिघींत हीच सोपी. धुकं बहुतेक वेळा अ‍ॅपर्चरच्या पात्यांच्या आसपासच्या काचांवर धरतं, जुनं ग्रीस उडून तिथे बसतं म्हणून, आणि तिथपर्यंत चांगला कारागीर पटकन पोचतो. वैताग एकच, अ‍ॅपर्चर बदलायचा तो पिटुकला खटका समोरच्या बाजूला आहे, त्यामुळे दर वेळी कॅमेरा उलटा करून लेन्सच्या तोंडात बघायचं आणि वर जुने आकडे, ४.५, ६.३, ९, १२.५. लाइट मीटर ८ म्हणतो आणि तुम्ही ६.३ आणि ९ च्या मधे कुठेतरी खटका ठेवून देवाचं नाव घेता. निगेटिव्ह फिल्मवर एवढं चालून जातं.

आता सुमार. नाव सुमार म्हणून लेन्स सुमार असं नाही, पण तिच्या नावाने जेवढी बोंब होते त्यातली निम्मी तरी तिच्या पुढच्या काचेमुळे आहे. ती काच मऊ आहे. ऐंशी-नव्वद वर्षांत ज्या ज्या मालकाने रुमालाने, टायच्या टोकाने, शर्टाच्या बाहीने ती पुसली त्या सगळ्यांच्या सह्या तिच्यावर आहेत, टॉर्च तिरका मारला की कोळ्याचं जाळं दिसतं. १९३३ मध्ये आली, १९३९ मध्ये लाइट्झचीच पुढची लेन्स सुमितार आल्यावर मागे पडली, पण बाजारात अजून भरपूर आणि स्वस्त, आणि स्वस्त का ते वर लिहिलंच. मी पहिली घेतली ती फोटो बघून, घरी आल्यावर कळलं की काच दुधाची पिशवी झालीय. एका दुकानात दिली, त्यांनी पुढची काच पॉलिश करून दिली, एकदम लखलखीत, आणि त्यानंतर ती लेन्स कुठल्याच अंतरावर नीट फोकस झाली नाही. पॉलिशने काचेचा बाकच बदलतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दुसरी मात्र ओरखडे असलेली पण आतून स्वच्छ मिळाली, तिच्यावर संध्याकाळी ओसरीत बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचे जे फोटो येतात, केसांना हलकी प्रभावळ, चेहऱ्यावर कुठे कडक सावली नाही, ते एल्मारवर येत नाहीत. ट्यूबलाइट फ्रेममध्ये आली की मात्र मेलात.

सोनार लुडविग बेर्टेलेने काढली, झाइसच्याच १९३२ च्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी, आणि काच म्हणून विचाराल तर मी डोळे मिटून हिच्याकडे बोट दाखवेन. कोटिंग नसताना एफ २ वर एवढा कॉन्ट्रास्ट कसा येतो याचं उत्तर त्या सहा बाजूंतच आहे, बेर्टेलेने काचा चिकटवल्या त्या याचसाठी. पण अडचण कॅमेऱ्याची आहे. कॉन्टॅक्समध्ये पन्नासची फोकस करायची फिरकी लेन्सवर नसून कॅमेऱ्याच्या अंगावर असते, म्हणून लायकाच्या बॉडीवर लावायचा अडॅप्टर नुसती रिंग नसतो, त्यात फिरकीपण लागते आणि तो महाग पडतो. बरं, कॉन्टॅक्सच घेऊ म्हणाल तर त्याचा शटर पितळी पट्ट्यांचा, वरून खाली जाणारा, आणि त्या पट्ट्या रेशमी फितीवर चालतात. फीत तुटली की कॅमेरा म्हणजे पेपरवेट, आणि ती बदलणारे हात आता फार कमी उरलेत. सोनारच्या बाबतीत कान सोनारानेच टोचावेत. कीव्ह कॅमेरा कॉन्टॅक्सचाच सोव्हिएत भाऊ, त्याच्यावर ही लेन्स बसते, स्वस्तात चव बघायची तर तो रस्ता आहे. एक सोय मात्र कबूल, कॉन्टॅक्सची मागची बाजू पूर्ण निघते, फिल्म घालणं सोपं. जुन्या लायकात खालून घालायची आणि त्याआधी फिल्मची जीभ दहाएक सेंटीमीटर लांब कापायची, कात्री बॅगेत विसरायची नाही.

घेताना काय बघायचं? ट्यूबचं प्रतिबिंब काचेत बघा, सगळी प्रतिबिंबं पांढरी असतील तर कोटिंग नाही. निळं-जांभळं दिसलं तर कोणीतरी नंतर करून घेतलंय, युद्धानंतर लाइट्झ स्वतः जुन्या लेन्सना कोटिंग करून द्यायचे, तेव्हा घाबरू नका, फक्त मग तो जुना जमाना हवा म्हणून जास्त पैसे मोजू नका. कडेला चंदेरी चकाकी म्हणजे काचा चिकटवणारा डिंक, बाल्सम, सुटायला लागलाय, तो दुरुस्त होतो पण खर्च लेन्सएवढा. आणि काचेवर नुसती हलकी निळसर झाक असेल तर तिला हात लावू नका. १८९६ मध्ये डेनिस टेलर या लेन्स बनवणाऱ्या इंग्रजाच्या लक्षात आलं होतं की अशा काळवंडलेल्या लेन्समधून उलट जास्त उजेड जातो, म्हणजे काळाने फुकटात केलेलं कोटिंगच ते, आणि लोक ते घासून काढतात!

बुरशी हे कोकण-मुंबईवाल्यांचं खास दुखणं. पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या केसात ठेवायची नाही, चामडं ओल धरून बसतं. हवाबंद डबा आणि सिलिका जेल पुरे.

मग पहिली कुठली? ज्याच्याकडे आधीच लायकाची स्क्रू माउंट बॉडी आहे आणि दिवसाउजेडी फिरून फोटो काढायचेत त्याने एल्मार, दुसरा विचारच नको. घरातल्या मंद उजेडात माणसंच काढायची असतील तर सुमार, पण हातात घेऊन टॉर्च मारल्याशिवाय नाही, आणि हूड सकट मिळाली तर दोन पैसे जास्त द्या. सोनार त्यानेच घ्यावी ज्याला कॅमेरा वर्षभर दुरुस्तीला पडून राहिला तरी झोप लागते. तिन्हींवर ब्लॅक अँड व्हाइट घाला, डेव्हलप करताना वेळ दहा टक्क्यांनी वाढवा म्हणजे गेलेला कॉन्ट्रास्ट थोडा परत येतो. एप्रिलच्या भर दुपारी मात्र वाढवू नका, तिथे त्या राखाडी सायीमुळेच सावलीतला चेहरा दिसतो.