डांबर गोळ्या बंद केल्यावर: आमच्या कपाटाचे नऊ महिने

गेल्या मे महिन्यात लेक बाळंतपणाला आमच्याकडे पंचवटीत आली. कपाट उघडल्याबरोबर तिने नाकाला ओढणी लावली आणि म्हणाली, "आई, या गोळ्या आधी काढ." बाळाच्या कपड्यांजवळ, दुपट्यांजवळ डांबर गोळ्या नकोत, असं डॉक्टरांनी तिला बजावून सांगितलं होतं. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एक विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असतं. अशा बाळाला नॅप्थलीनचा, म्हणजे डांबर गोळ्यांतल्या रसायनाचा, वास बसलेल्या कपड्यांत गुंडाळलं, तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते, अंगातलं रक्त कमी होऊ शकतं. आपल्या बाळात ते कमी आहे की नाही, हे आधी कळणार कसं? त्याच दुपारी मी खणाखणातून गोळ्या वेचल्या. पण वर्षानुवर्षांचा वास, तो जायला पंधरा दिवस लागले.

गोळ्या गेल्या, पण पावसाळा दारात होता. आमचं घर तळमजल्यावर, मागच्या भिंतीला दरवर्षी ओल येते. कपाटांत काय काय? सासूबाईंची खळ दिलेली सुती नऊवारी, माझी येवल्याची पैठणी, एक काश्मिरी शाल, सासऱ्यांचं काळं घोंगडं आणि घरभराचे स्वेटर. नाशिकला स्वेटर लागतात. मुंबईचे पाहुणे हसतात, पण पेपरात निफाडचा पारा छापून यायला लागला की तेच पाहुणे घोंगडं मागतात.

मी सत्तावीस वर्षं एका पतपेढीत खतावण्या लिहिल्या आहेत, त्यामुळे सवयीने वही घेतली. प्रत्येक खणाला वेगळा उपाय, दर पंधरा दिवसांनी तपासणी. पुढचं सगळं त्या वहीतून.

उपायांआधी शत्रूबद्दल, कारण माझी निम्मी चूक इथेच झाली होती. आपल्याकडे कपड्याला भोक पडलं की "कसर लागली" म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात आमच्या घरात तीन वेगवेगळी मंडळी निघाली. एक, चंदेरी, बिनपंखाची, माशासारखी सुळकन पळणारी कसर. तिला खळ, डिंक, कागद प्रिय, आणि दमटपणा तर हवाच. लोकरीशी तिला फारसं देणंघेणं नाही. दुसरी, भिंतीवर लटकणारी खरबुजाच्या बीएवढी चपटी करडी पिशवी. मी तिला कित्येक वर्षं जाळ्याचा कचरा समजून झाडत होते. तिच्या आत जिवंत अळी असते, पिशवीला दोन्हीकडे तोंड असतं आणि अळी हवं त्या तोंडाने डोकं काढते. तिचं खाणं म्हणजे कोळ्याची जुनी जाळी, गळलेले केस आणि संधी मिळाली तर लोकर, रेशीम. तिसरी, लहानशी केसाळ तपकिरी अळी. तिचा मोठा अवतार म्हणजे तिळाएवढा ठिपक्याठिपक्यांचा भुंगेरा. तो बिचारा फुलांवरचे पराग खातो. माझ्या खिडकीतल्या कुंडीमुळेच तो घरात येत असणार. म्हणजे एकाला खळ हवी, बाकीच्या दोघांना प्राण्यांपासून मिळालेला धागा. सगळ्यांना एकच पुरचुंडी दाखवून कसं चालेल?

कसर मोजायला लेकीने युक्ती शोधली. काचेची बरणी, बाहेरून कागदी चिकटपट्टी गुंडाळलेली, आत पोळीचा कोरडा तुकडा. चिकटपट्टीवरून कसर वर चढते, आत पडते आणि गुळगुळीत काचेवरून तिला परत चढता येत नाही. ज्या आठवड्यात गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं, त्या आठवड्यात एका बरणीत १४ निघाल्या. नोव्हेंबरात, थंडी कोरडी झाल्यावर, त्याच बरणीत पंधरा दिवसांत एक. त्या दोन आकड्यांच्या मध्ये मी तिथे कुठलाही उपाय केला नव्हता. तो मुद्दाम रिकामा ठेवलेला खण होता! हे लिहून ठेवलं नसतं, तर नोव्हेंबरचं श्रेय मी बिनदिक्कत कडुनिंबाला दिलं असतं.

कडुनिंबाचं सांगते. झाड गल्लीच्या तोंडाशी, खर्च शून्य. जूनमध्ये पाला आणला, सावलीत वाळवला, म्हणजे वाळला असं मला वाटलं. नऊवारीच्या घड्यांमध्ये घातला. जुलैअखेर खण उघडला तर कुबट वास, पाल्याला पांढरी बुरशी आणि सासूबाईंच्या पांढऱ्या सुती पातळावर पानाच्या आकाराचे पिवळे डाग. दोन धुण्यांत फिके झाले, गेले नाहीत. बरणीत कसर होतीच. नंतर वाचलं तेव्हा कळलं की कडुनिंबातला किडीला भारी पडणारा घटक मुख्यतः निंबोळीच्या बीत असतो, पानात त्याचं प्रमाण कमी. सासूबाईंनी एकच वाक्य ऐकवलं, "आम्ही धान्यात घालायचो तो पाला उन्हाळ्यातला कडकडीत असायचा. तू पावसातला घातलास." मुकाट्याने ऐकून घेतलं.

कापूर. भीमसेनी म्हणून २५० रुपयांचा डबा आणला. देवापुढचा वडीचा कापूर बहुतेक टर्पेंटाइनपासून बनवलेला असतो. तोही एका खणात ठेवून पाहिला. वास दोघांचाही छान, पण दोघेही उडून जातात. कागदाच्या पुडीतला तीन आठवड्यांत नाहीसा, पुडी रिकामी. डबीला बारीक भोकं पाडून ठेवला तर दोन महिने पुरला. पण कापराची भीती वेगळी आहे. रांगत्या मुलाने थोडासा जरी गिळला तरी झटके येऊ शकतात. नात आता रांगते, म्हणून कापूर वरच्या खणात, कुलपाआड.

वेखंड आणि लवंग यांच्यावर माझा जीव जडला, हे आधीच कबूल करते म्हणजे पुढचं जरा जपून वाचाल. रविवार कारंज्याजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून वेखंडाच्या गाठी आणल्या. पूड घेऊ नका. पूड घडीत सांडते आणि तिचा वासही लवकर जातो. गाठी खलबत्त्यात नुसत्या ठेचायच्या, दहाबारा लवंगा घालायच्या, जुन्या धुवट मलमलीत पुरचुंडी बांधायची. लवंग घेताना डोक्याजवळ नख दाबून बघा. तेल सुटलं तर खरी. तेल काढून घेतलेल्या लवंगाही बाजारात येतात, त्या कपाटात नुसत्या शोभेला. पुरचुंडी कपड्याला चिकटून ठेवू नका, कारण लवंगेच्या तेलाचा डाग रेशमावर पडतो. मी खणाच्या कोपऱ्यात, वाटीत ठेवते. अडीच महिन्यांनी वास मंदावला की गाठी पुन्हा एक ठोका मारून बांधायच्या, वर्षाने बदलायच्या.

या खणात नऊ महिन्यांत एकही भोक नाही. तरी वेखंडाला पैकीच्या पैकी गुण द्यायला माझा हात धजत नाही, आणि त्याचं कारण म्हणजे आमची शाल.

जानेवारीत शाल काढली तर मानेजवळ पाच भोकं, वेडीवाकडी, कडा कुरतडलेल्या. ती होती कापराच्या खणात. म्हणजे कापूर नापास? लेकीने शाल उजेडात धरली. भोकं होती नेमकी तिथे, जिथे आदल्या फेब्रुवारीत एका लग्नात बासुंदी सांडली होती आणि मानेचा घाम लागला होता. मी तेव्हा ओल्या फडक्याने पुसून शाल तशीच घडी केली होती. लोकर खाणाऱ्या अळीला नुसत्या स्वच्छ लोकरीवर नीट पोसता येत नाही. घाम, तेल, दूध, जेवणाचे डाग यांतून तिला बाकीचं पोषण मिळतं. वेखंडाच्या खणातले कपडे सगळे धुऊन, वाळवून ठेवलेले होते, कारण तो खण मी लाडाने भरला होता. तेव्हा वेखंड जिंकलं की साबण जिंकला, हे माझ्या वहीतून निघत नाही.

याहून मोठी फजिती स्वेटरांची. कडुनिंबाच्याच कपाटात खालच्या खणात सात स्वेटर होते, शरणपूर रोडच्या तिबेटी बाजारातून वर्षानुवर्षं घेतलेले. डिसेंबरात काढले, एकालाही धक्का नाही. भिशीत मी सगळ्यांना सांगून आले की नऊवारीचं जाऊ दे, पण लोकरीला कडुनिंबासारखं दुसरं काही नाही. दोघींनी घरी जाऊन पाला घातलाही. आठवड्याने लेकीने स्वेटरची कॉलर उलटी करून दाखवली. शंभर टक्के ॲक्रिलिक. लेबलवर स्पष्ट छापलेलं, वाचलं आम्हीच नव्हतं. सातांपैकी सहा ॲक्रिलिक! त्याला अळी तोंडसुद्धा लावत नाही, पाला घाला नाहीतर सुतळी घाला. लेबल फाटलं असेल तर शिवणीतला एक धागा चिमट्यात धरून जाळून बघा. लोकर केस जळल्यासारखी घाणेरडी वासते आणि राख बोटाने चुरते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. भिशीत दुरुस्ती जाहीर करावी लागली, ते वेगळंच.

ऑनलाइन मागवलेल्या देवदाराच्या ठोकळ्यांवर फार शब्द खर्चत नाही. वास सहा महिन्यांत उडाला, पॉलिश पेपर घासल्यावर आठवडाभर परत आला. अशा लाकडातलं तेल घट्ट बंद पेटीत लहान अळ्यांना त्रास देतं म्हणतात. आमच्या लोखंडी कपाटाच्या दाराला बोटभर फट आहे. वाळ्याच्या जुड्या सुवासासाठी उत्तम, कसर त्यांच्या शेजारी बसलेली मी डोळ्यांनी पाहिली.

मग खरं काम कशाने झालं? घोंगड्याने शिकवलं. ऑक्टोबरच्या उन्हात ते गच्चीवर दोरीला टाकलं आणि ह्यांनी काठीने झोडपलं. खाली काळी रवाळ घाण पडली. ती माती नव्हती, अळीची विष्ठा होती. जी लोकर खाल्ली तिचाच रंग घेते, म्हणून घोंगड्यावर इतके दिवस कोणाला दिसली नाही. उजेड आणि ऊन अळीला सहन होत नाही, ती घडीच्या, शिवणीच्या आत दडते. म्हणून नुसतं टाकून भागत नाही. उलटायचं, कडा ब्रशने झाडायच्या, पुन्हा उलटायचं. सलग तीन दिवस हा कार्यक्रम केला. नंतर स्वच्छ चादरीत घट्ट गाठोडं. फेब्रुवारीत उघडलं, पांढऱ्या चादरीवर एक दाणा नाही.

शालीला मात्र कडक ऊन नको, रंग उडतो. तिच्यासाठी फ्रीजर. थंड पाण्यात हलक्या हाताने शाल धुतली, पूर्ण वाळवली, प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा दाबून काढून बंद केली आणि उणे १८ अंशांत आठ दिवस ठेवली. अंडी, अळ्या, सगळं यात मरतं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. दिवसभर तशीच राहू द्यायची, नाहीतर गार कापडावर पाणी धरतं. जानेवारीत फ्रीजर मटारने भरलेला असतो, तेव्हा मटाराच्या पिशवीऐवजी जाऊबाईंच्या हातात शाल आली. त्यांनी काही विचारलं नाही, पण जाताना माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं.

पैठणीला मी फ्रीजरही दाखवला नाही आणि ऊनही. जुन्या धुवट धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली असते, प्लॅस्टिक नाही, हँगर नाही, जरीचं वजन खांद्यावर ओढतं. दर तीन महिन्यांनी पंख्याच्या वाऱ्यावर सावलीत पसरून घडी बदलते, म्हणजे एकाच रेषेवर रेशीम तुटत नाही. तेवढ्याने ती शाबूत आहे.

कसरीसाठी उपाय निघाला तो अगदीच साधा. दोन्ही कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढली, खालचे जुने वर्तमानपत्राचे कागद काढून टाकले (मी तिच्यासाठी जेवणच वाढून ठेवलं होतं) आणि ठेवणीतल्या नऊवारींची खळ धुऊन काढली. नेसायच्या आधी द्यायची. सासूबाईंना हे पटायला दोन महिने लागले. येत्या पावसाळ्यात बरण्या पुन्हा लावणार आहे, तेव्हाच कळेल.

नातीच्या कपड्यांत यातलं काहीही ठेवलं नाही, वेखंडही नाही. धुतले, उन्हात वाळवले, झाकणाच्या डब्यात भरले. इतक्या भराभर लहान होतात की कसरीला वेळच मिळत नाही.

यंदाच्या खरेदीत वेखंड आणि लवंग आहे, थोडा कापूर आहे. ठोकळे नाहीत. भिंतीवरच्या पिशव्या अजून अधूनमधून दिसतात; जाळी काढली की कमी होतात, दोन आठवडे आळस केला की हजर. फ्रीजरमध्ये सध्या ह्यांचा मफलर आहे, त्या सातव्या, खऱ्या लोकरीच्या निघालेल्या स्वेटरसोबत. रविवारी बाहेर येईल. तोवर आइस्क्रीम आणायचं नाही असं घरात ठरलंय.