तीन कोटेशनं आली म्हणजे स्पर्धा झाली, असं समजू नका

पॅकिंगसाठी आमच्या कारखान्याला पुठ्ठ्याची खोकी सतत लागतात. तीन उत्पादकांकडून दर मागवायचे आणि सर्वांत स्वस्त असेल त्याला ऑर्डर द्यायची, हा आमचा नियम. तिघंही एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी. तरी ऑर्डर दर वर्षी एकाकडेच जायची आणि भाव चढत राहायचा. कागद स्वस्त झाला त्या वर्षीही खोकी महागच मिळाली, तेव्हा मी जुनी कोटेशनं काढून शेजारी शेजारी लावली. दोन कंपन्यांच्या पत्रांत एकाच शब्दात तीच चूक होती. वाहतुकीच्या अटी शब्दशः सारख्या. आणि हरलेल्याने पाठवलेली फाइल बनवणारा म्हणून नाव दिसत होतं ते जिंकलेल्याच्या माणसाचं! बाकीची दोन कोटेशनं फक्त आम्हाला दाखवण्यापुरती होती. वर्षानुवर्षं आमची सरळसरळ लूट झाली.

त्यांचं गणित समजून घ्या. एकाने भाव पाडला तर त्याला एकदा ऑर्डर मिळते. पुढच्या वेळी दुसराही पाडतो आणि सगळ्यांचाच नफा आटतो. त्यापेक्षा गिऱ्हाइकं वाटून घेतली की प्रत्येकाला चढा भाव कायमचा. उत्पादक मोजके, माल सारखाच आणि नव्या माणसाला धंद्यात उतरणं अवघड, अशा ठिकाणी हा मोह सर्वांत जास्त. मात्र गुपचूप भाव पाडून दुसऱ्याचं गिऱ्हाईक पळवण्याचा मोहही प्रत्येकाला असतोच, म्हणून एकमेकांवर पहारा ठेवावा लागतो. १९२४ साली ऑसराम, फिलिप्स वगैरे बल्ब कंपन्यांनी ‘फीबस’ नावाचा गट केला आणि बल्बचं आयुष्य १,००० तासांवर आणलं. ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्याला दंड!

प्रतिस्पर्ध्यांचं प्रत्येक सहकार्य वाईट नसतं. फिलिप्स आणि सोनीने मिळून सीडीचं मानक ठरवलं, म्हणून कुठल्याही कंपनीची सीडी कुठल्याही प्लेअरवर वाजली. ते मानक सर्वांसमोर होतं आणि फायदा ग्राहकालाही झाला. भाव आणि गिऱ्हाइकं ठरवणारं सहकार्य मात्र ग्राहकापासून लपवावंच लागतं.

खरेदी तुमच्याकडे असेल तर हरलेली कोटेशनंही जपा, आणि छापील प्रत नव्हे, मूळ फाइल जपा. हरलेलाच पुढे जिंकलेल्याचं काम पोटकंत्राटावर करतोय का, ते बघा. नव्या उत्पादकाकडे विचारणा केल्यावर ‘तुमचा पुरवठादार आहे ना?’ असं उत्तर आलं, तर ते लिहून ठेवा. आम्हाला ते आलं होतं.

आणि संशय आला तरी पुरवठादाराला जाब विचारू नका. पुरावे नाहीसे होतात. थेट स्पर्धा नियामकाकडे, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे जा. अनेक देशांत संगनमताची कबुली आधी देणाऱ्याला दंडात सूट मिळते, त्यामुळे चौकशीची चाहूल लागली की यांच्यातलाच कुणी फुटू शकतो. युरोपातल्या ट्रक कंपन्यांचं संगनमत १९९७ पासून १४ वर्षं चाललं. ते एमएएन या त्यांच्यातल्याच कंपनीने उघड केलं आणि तिचा दंड पूर्ण माफ झाला. बाकीच्यांपैकी चार कंपन्यांना २०१६ मध्ये जवळपास २.९३ अब्ज युरोंचा दंड बसला. आमच्या फायलीही आता नियामकाकडे आहेत.