एमबीएच्या अर्जाची नऊ महिन्यांची तयारी: काय कामी आलं, काय नाही

पुण्याजवळच्या चाकणमधल्या एका प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून सुटे भाग बनवणारा विभाग) मी पाच वर्षं प्रॉडक्शन इंजिनिअर आहे. एप्रिल ते डिसेंबर मी आयएसबी, इनसीड आणि मुंबईच्या एसपीजेआयएमआर या तीन बिझनेस स्कूलच्या अर्जांची तयारी केली. या काळात चार गोष्टी वापरल्या: जीमॅट या एमबीए प्रवेश परीक्षेच्या अधिकृत सराव परीक्षा, चुकांची एक्सेल शीट, एका सल्लागार संस्थेचं पॅकेज आणि एक दोनशे पानी वही. वहीबद्दल जास्त लिहिणार आहे, कारण तिचं महत्त्व मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

आधी जीमॅट. अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तकं स्वस्तात आणली आणि पहिला महिना सेंटेन्स करेक्शन (इंग्रजी वाक्यातली चूक सुधारण्याचे प्रश्न) घोटण्यात घालवला. आताच्या परीक्षेत तो प्रकारच नाही. २०२४ च्या फेब्रुवारीपासून फक्त नवीन स्वरूपाची परीक्षा होते. परीक्षेतला निबंध गेला, भूमिती गेली. क्वांटचे (गणित) २१, व्हर्बलचे (इंग्रजी) २३ आणि डेटा इनसाइट्सचे (तक्ते-आलेख वाचणं) २० प्रश्न असतात, प्रत्येक भागाला ४५ मिनिटं. गुण २०५ ते ८०५ आणि शेवटचा आकडा नेहमी ५. पुस्तकात ७१० किंवा ७४० असे गुण दिसले, तर ते पुस्तक जुन्या परीक्षेचं आहे. नव्यातले ६४५ साधारण जुन्या ७०० च्या आसपास येतात, हे माहीत नसल्यामुळे माझ्यासारखे बरेच जण विनाकारण खचतात.

अधिकृत संकेतस्थळावर दोन सराव परीक्षा फुकट मिळतात, पुढच्या विकत घ्याव्या लागतात. मी विकतच्या दोन घेतल्या आणि पैसे वसूल झाले, कारण खऱ्या परीक्षेच्या इतक्या जवळ जाणारं दुसरं काही मला सापडलं नाही. पहिलीत ५५५ आले, शेवटच्या सरावात ६६५, प्रत्यक्ष परीक्षेत ६५५. एक मात्र करा: दोन्ही फुकट परीक्षा पहिल्याच आठवड्यात संपवू नका. तीच परीक्षा पुन्हा दिली तर काही प्रश्न परत येतात आणि गुण फुगतात.

एक्सेल शीटमध्ये प्रत्येक चुकीपुढे कारण लिहायचे. दोन महिन्यांनी फिल्टर लावला तेव्हा दिसलं की गणित चुकलेले प्रश्न थोडेच होते. डेटा इनसाइट्समध्ये तक्ता पूर्ण न वाचता उत्तर दिलेले प्रश्न त्याच्या तिप्पट होते. तेव्हापासून प्रश्न सोडवण्याची संख्या निम्मी केली. प्रत्येक भागात तीन उत्तरं शेवटी बदलता येतात, त्यासाठी तीन-चार मिनिटं राखून ठेवायची सवय मुद्दाम लावली.

सल्लागार संस्थेचं नाव घेत नाही. पॅकेजचे पैसे माझ्या दोन पगारांएवढे होते. कॉलेज निवडताना त्यांची खरी मदत झाली. इनसीडचा कोर्स १० महिन्यांचा, आयएसबीचा वर्षाचा. एवढ्या थोड्या काळात क्षेत्र बदलायचं असेल तर आपल्याला काय हवंय हे आधीच पक्कं लागतं, हे त्यांनी पहिल्याच बैठकीत नीट समजावलं. इनसीडमध्ये जानेवारीच्या बॅचला उन्हाळी इंटर्नशिपची संधी असते, ऑगस्टच्या बॅचला नसते, हेही तिथेच कळलं. पण अर्जाबरोबर द्यायचे निबंध त्यांच्याकडून परत आले तेव्हा त्यांत मी नव्हते. ‘लहानपणापासून नेतृत्वाची ओढ’ असलेली कोणी मुलगी होती. वाक्यं सुंदर होती, पण त्यातलं एकही मी बोलले नसते. मला फार वाईट वाटलं. ते सगळे मसुदे बाजूला ठेवले आणि उरलेल्या बैठका फक्त मॉक इंटरव्ह्यूसाठी, म्हणजे सराव मुलाखतींसाठी वापरल्या.

मग वही काढली. मेपासून रोज शिफ्ट संपली की कंपनीच्या बसमध्ये बसून पाच-सहा ओळी लिहायचे: आज काय अडलं, कोण काय म्हणालं, मी काय केलं, काय करायला हवं होतं. निबंधासाठी म्हणून लिहीत नव्हते, त्यामुळे त्यात खोटं शिरलं नाही. वाढवून सांगायचं कारणच नव्हतं.

माझा मुख्य निबंध डाय (प्रेसमध्ये बसवायचा, पत्र्याला आकार देणारा साचा) बदलण्याच्या वेळेवर होता. आमच्या एका प्रेसवर डाय बदलायला ५५ मिनिटं लागायची, ती आम्ही २४ वर आणली. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं की मी वेळेचा अभ्यास केला आणि पद्धत बदलली. वही उघडली तर जुलैच्या एका पानावर वेगळंच होतं. प्रेसवर एक ज्येष्ठ ऑपरेटर आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. त्या दिवशी ते म्हणाले होते, “मॅडम, बोल्ट शोधण्यातच वेळ जातो. सगळ्या डायना एकाच उंचीचे क्लॅम्प द्या, मग बघा.” कल्पना त्यांची होती. मी टूल रूमला (डायची देखभाल करणारा विभाग) पटवलं, खर्च मंजूर करून घेतला आणि दुसऱ्या शिफ्टचा विरोध मोडून काढला. निबंध पुन्हा लिहिला आणि काकांना मराठीत वाचून दाखवला. ते शांतपणे ऐकत होते, मग म्हणाले, “दुसऱ्या शिफ्टने विरोध नव्हता केला. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.” मी ते वाक्य बदललं. संपूर्ण अर्जातली ती सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती होती.

शिफारसपत्रालाही वहीच कामी आली. आमचे प्लांट हेड म्हणाले, “तूच लिहून आण, मी सही करतो.” आपल्याकडे हे सर्रास चालतं. पण शिफारस देणाऱ्यानेच लिहावी अशी कॉलेजांची स्पष्ट अपेक्षा असते, आणि मला ती स्वतः लिहायचीही नव्हती. मी म्हटलं, “सर, तुम्हीच लिहा, मी प्रसंग आणि तारखा काढून देते.” दोन पानं टिपणं दिली. बऱ्याच कॉलेजांच्या फॉर्ममध्ये असा प्रश्न असतो की या व्यक्तीला तुम्ही सुधारणेसाठी कोणती महत्त्वाची सूचना केली आणि तिने काय प्रतिसाद दिला. नंतर सरांनी मला सांगितलं की त्यांनी लिहिलं, ‘ही सगळं स्वतःच करायला जाते, लाइनवरच्या माणसांना करू देत नाही. गेल्या वर्षापासून करू द्यायला लागली आहे.’ असं वाक्य मला स्वतःबद्दल कधीच सुचलं नसतं.

ट्रान्सक्रिप्टसाठी (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत दाखला) विद्यापीठात वेळेआधी जा. माझी कागदपत्रं यायला सहा आठवडे लागले आणि एका अर्जाची पहिली फेरी त्यातच हुकली.

मॉक इंटरव्ह्यू चार झाले, त्यातले दोन पुरेसे होते. चारही मॉकमध्ये न आलेला प्रश्न खऱ्या मुलाखतीत आला: “या डायच्या कामात तुमचं स्वतःचं नेमकं काय?” मी काकांपासून सुरुवात केली, मग टूल रूम, मग मंजुरी, मग दुसऱ्या शिफ्टला आधी न विचारल्याची चूक. पुढची दहा मिनिटं मुलाखत घेणारे त्या चुकीबद्दलच विचारत राहिले.

तीनपैकी एका ठिकाणी नकार आला, एका ठिकाणी प्रतीक्षा यादीत आहे, आणि जिथे ही मुलाखत झाली तिथे प्रवेश मिळाला. पत्र आलं त्या दिवशी माझी सेकंड शिफ्ट होती. काकांना प्रेसवर जाऊन सांगितलं.