खुर्ची उसवायच्या आधी दर कागदावर घ्या

एका खुर्चीपायी ९,५०० रुपये गेले. तेवढ्यात नवीन आली असती हे मला सांगू नका, घरात सगळ्यांनी सांगून झालंय.

सासऱ्यांची सागवानी खुर्ची, आत स्प्रिंगा आणि काथ्या. दुकानात न्यायची तर टेम्पोवाला जाऊन-येऊन १,२०० मागत होता आणि दुकानदार म्हणे दिवाळीनंतर बघू. म्हणून 'सोफा-खुर्ची घरी बनवून देणार' अशी हाळी देत फिरणाऱ्याला वर बोलावलं. आमच्या सोसायटीत निम्मे लोक बोलावतात, मी काही जगावेगळं केलं नाही.

ठरलं ते असं: मजुरी १,४००, कापड ४२० रुपये मीटर, फोमचा दर ६०, सोल्युशनचा (फोम चिकटवायच्या गोंदाचा) दर १५. माझ्या हिशेबाने साडेतीन हजारांत काम. २,००० रोख आगाऊ दिले.

"६० कशाचे?" हे मी विचारलं होतं. विचारलं नाही असं नाही! त्यावर तो म्हणाला, "काकू, मार्केटात कुठंही जा, साठच चाललाय." मी विचारलं कशाचे, तो सांगतोय कुठे, आणि ते माझ्या कानावरून गेलं. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. पण तोवर त्याच्या पोऱ्याने सीट उसवून काथ्या हॉलभर पसरला होता. अशा पसाऱ्यात कोण घासाघीस करत बसणार? हाच त्यांचा डाव: आधी खुर्ची उघडायची, मग दर बोलायचे.

बिलात फोम ५,०४०! म्हणे ६० रुपये इंच. सीट २२ बाय २०, टेप चारी बाजूंनी फिरवला की ८४ इंच. वर उपकार असे की "पाठीचे सोडले". सोल्युशन १५ रुपये झाकण, झाकणं ११०, झाले १,६५०. कापड ५ मीटर, २,१००. (५४ इंच पन्ह्याचं कापड असल्या खुर्चीला अडीच मीटर पुरतं, हे नंतर दुकानदाराने सांगितलं.) चुका (बारीक खिळे), पट्टे, पायपिंग ७६०. एकूण १०,९५०. हुज्जत घालून ९,५०० वर आणलं आणि उरलेले ७,५०० स्कॅन करून दिले. घरात मी एकटी, समोर दोघं, हातात हातोडी. काय करणार होते?

महिन्याभरात सीट बसली. खालचं काळं कापड फाडलं तर स्प्रिंगा गायब, जागी प्लायचा तुकडा, वर फोमच्या चिंध्या आणि आपलाच काथ्या. सीटचा फोम ४० डेन्सिटीचा धरा, म्हणजे घनमीटरला ४० किलो. त्या मापाचा ४ इंची फोम साधारण १,१५० ग्रॅम भरायला हवा. चिंध्या भरल्या ४८० ग्रॅम. घरात वजनकाटा आहे ना? भरायच्या आधी फोम त्यावर ठेवायला लावा.

पोलीस चौकीत विचारलं, "धमकी दिली का? काम झालंय ना? मग हा दिवाणी मामला." भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं ३१८ कलम आहे म्हटलं, तर साहेब माझ्याकडे असे बघायला लागले की चोर मीच. अर्जावर शिक्का मिळायला जी बसवणूक झाली ती वेगळीच. १९३० या सायबर हेल्पलाइनवर सांगितलं, ही सायबर फसवणूक नाही, स्कॅन तुम्हीच केलंय. बँकेचंही तेच. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर म्हणे, व्यवसायाचं नाव-पत्ता द्या. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही, छान. पण नोटीस धाडायला सामनेवाल्याचा पत्ता हवा. हाळी देत फिरणाऱ्याचा पत्ता मी कुठून आणू? वॉचमनच्या वहीत नाव 'सोफावाला' आणि मोबाइल नंबर नऊ आकडी. सेक्रेटरी म्हणतात, आम्ही बोर्ड लावला होता. लिफ्टच्या मागे!

पैसे यूपीआयने देताना समोर येणारं नाव वाचा; माझ्या वेळी भलत्याच कुणाचं होतं. जुना माल, विशेषतः स्प्रिंगा, मोजून आपल्याकडे ठेवा. आणि माणसाचा, त्याच्या आधार कार्डाचा फोटो काढा. मला ते असभ्य वाटलं होतं.