प्रोपोलिस की मधमाशीचं विष?
स्किन कॅन्सरवर दोन्हींची नावं घेतात लोक, पण फरक खूप आहे. प्रोपोलिस म्हणजे मधमाश्या झाडांवरून आणतात तो राळेसारखा तपकिरी चिकट पदार्थ, पोळ्यातल्या फटी बुजवायला, बोटाला लागला की निघता निघत नाही, त्यातलं केप नावाचं द्रव्य लॅबमध्ये मेलानोमाच्या, म्हणजे स्किनच्या एका घातक कॅन्सरच्या, पेशी मारतं. विष जास्त जबरदस्त, त्यातलं मेलिटिन नावाचं द्रव्य पेशीच्या आवरणाला सरळ भोकं पाडतं, पण लाल रक्तपेशीही फोडतं आणि ॲलर्जी असेल तर एका डंखानेही जीव जाऊ शकतो. त्यामुळे मला प्रोपोलिसच बरं वाटतं, तरी काहींना त्यानेही पुरळ येतं. माणसांचा कॅन्सर बरा होतो हे दोन्हींबाबत सिद्ध नाही, तेव्हा तीळ वाढत असेल, रंग बदलत असेल तर प्लीज मलम चोळत बसू नका, आधी स्किनच्या डॉक्टरांना दाखवा.