विजया तेल: थेंब मोजता येतात, ताकद नाही

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. फेब्रुवारीपासून सीझन लागला की सौदे आणि पट्ट्या उरकून घरी यायला रात्र होते. वर पहाटे तीनला टक्क जाग यायची आणि डोक्यात बेरजा सुरू व्हायच्या. झोपेची गोळी नको म्हटल्यावर विश्रामबागच्या वैद्यबाईंनी विजया तेल लिहून दिलं: भांगेच्या पानांचा अर्क, तिळाच्या तेलात. 30 मिलीची ड्रॉपरवाली बाटली, अठराशे रुपये. चिठ्ठी बघितल्याशिवाय मेडिकलवाल्यानं हात लावू दिला नाही, ते बरं वाटलं.

लेबलवर भांग हा शब्द वाचून सौ.चा पहिला प्रश्न, "पोलीस येतील का घरी?" यायचं कारण नाही. 1985 च्या अंमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बी त्या व्याख्येत बसत नाहीत, म्हणून पानांच्या अर्काची आयुर्वेदिक औषधं परवान्यावर बनतात. पण म्हणून कुणाकडून साधी भांग आणाल तर महाराष्ट्रात दारूबंदी कायदा आडवा येतो. बिल आणि चिठ्ठी मी बाटलीच्या खोक्यातच ठेवतो.

रात्री जेवण झाल्यावर जिभेखाली दोन थेंब. चव ओल्या गवतासारखी, वर तिळाचा कडवटपणा. नशा म्हणाल तर अजिबात नाही, आणि ती येऊ नये एवढंच प्रमाण ठेवायचं असतं. तोंड थोडं कोरडं पडतं. पहाटेची जाग गेली नाही, पण जाग आली तरी परत डोळा लागतो. माझा खांदाही दुखतो, तो मात्र होता तसाच. यात तेलाचा वाटा किती हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, कारण वैद्यबाईंनी त्याच चिठ्ठीवर संध्याकाळनंतरचा चहा तोडला आणि जेवण आठच्या आत आणलं. यार्डातल्या माणसाला चहा तोडणं किती जड जातं ते यार्डातल्यालाच माहीत!

त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली, "काका, गुण आला म्हणून थेंब वाढवायचे नाहीत." पोटात गेलेल्या थेंबाचा असर यायला तास-दोन तास लागतात. तेवढ्यात काहीच होत नाही म्हणून माणूस आणखी घेतो आणि मग गरगरतो. शिवाय जास्त म्हणजे जास्त आराम असंही नाही. 2017 मध्ये शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या प्रयोगात 7.5 मिलिग्रॅम टीएचसी, म्हणजे भांगेतला नशा आणणारा घटक, घेतलेल्यांचा ताण हलका झाला, 12.5 घेतलेल्यांची अस्वस्थता उलट वाढली. एवढ्याशा फरकानं पारडं फिरतं.

आणि नेमकी इथंच या बाटलीवर माझी तक्रार आहे. लेबलवर ठळक लिहिलंय, 3000 मिलिग्रॅम विजया अर्क. 1 मिलीत साधारण 20 थेंब धरले तर थेंबाला 5 मिलिग्रॅम अर्क झाला. पण अर्क म्हणजे टीएचसी नव्हे. त्यात टीएचसी किती आणि सीबीडी (भांगेतलाच, पण नशा न आणणारा घटक) किती, याचा एक आकडा बाटलीवर नाही, खोक्यावर नाही, आतल्या कागदावरही नाही. आमच्याकडे अर्क काढणाऱ्या कंपनीचा खरेदीदार आला की आधी हळदीतला मुख्य घटक कुरकुमीन किती टक्के ते विचारतो, रंग आणि पॉलिश नंतर. इथं गिऱ्हाईकानं थेंब मोजून घ्यायचे आणि थेंबात काय आहे ते देवाला माहीत. थेंबभर फरकानं काही बिघडत नाही अशा मोठ्या मात्रेच्या औषधात हे एक वेळ चाललं असतं.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, सीबीडीमुळे वॉरफरिनचा असर वाढू शकतो. घेतल्यावर गाडी चालवायची नाही. गरोदर बाईनं या वाटेला जाऊच नये.

दुसरी बाटली सांगून ठेवलीय. पण त्या बॅचचा तपासणी अहवाल हातात आल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत, हेही मेडिकलवाल्याला सांगितलंय. तो म्हणतो, कंपनीचा माणूस आला की विचारतो.